तेहतीस घरांचा जमाखर्च

एखादी धर्मसुधारणा किंवा राज्यसुधारणा चांगली की वाईट, याचा निवाडा कुठे करायचा? जिथे ती जन्मली त्या दरबारात, की जिथे ती पाळावी लागली त्या गावात? इंग्लंडच्या सोळाव्या शतकाचा इतिहास दीर्घकाळ दरबारात बसून लिहिला गेला. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी घेतलेली फारकत, मठांची जप्ती, संसदेचे कायदे, धर्मपंडितांचे वाद, चितेवर जळालेले हुतात्मे, एवढ्यात सगळी कथा संपायची. ज्यांच्या बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंतच्या चालीरीती या उलथापालथीत बदलल्या, ते शेतकरी या कथेत केवळ गर्दी म्हणून वावरत. माझे म्हणणे असे की, निवाडा गावातच व्हायला हवा. कायद्याने काय फर्मावले हे राजधानीच्या कागदांतून कळते. पण त्या कायद्याने माणसांच्या हाती काय ठेवले आणि हातून काय काढून घेतले, हे गावाचेच कागद सांगू शकतात. सुदैवाने इंग्लंडमधल्या एका अगदी लहान पॅरिशचे असे कागद उरले आहेत, आणि ते आहेत साध्या जमाखर्चाचे.

पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द. त्या हद्दीतली घरे, शेते, कुरणे, ओढे आणि माणसे मिळून एक पॅरिश होते. मध्ययुगाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अशा सुमारे ९,००० पॅरिश होत्या. तिथल्या माणसाने आपल्या उत्पन्नाचा दशांश त्या चर्चला द्यायचा, आपली मुले तिथेच बाप्तिस्म्याला न्यायची, आणि शेवटी त्याच आवारात मातीआड व्हायचे. चर्चची इमारत, घंटा, भांडी, वस्त्रे यांचा सांभाळ करायला गावातलेच लोक वर्षावर्षासाठी नेमले जात. त्यांना चर्चवॉर्डन म्हणत. वर्ष संपले की वॉर्डनने गावासमोर हिशेब द्यायचा, असा रिवाज होता. राजा कोणीही असो, बहुतेक इंग्रजांचा रोजचा संबंध येई तो या व्यवस्थेशी.

डेव्हन परगण्याच्या उत्तरेला, एक्समूरच्या दक्षिण कडेवर, बॅम्पटनजवळ मोरबाथ नावाचे गाव आहे. डोंगरउताराची जमीन, पाऊस भरपूर, धान्यापेक्षा मेंढरांवर भिस्त. सोळाव्या शतकात तिथे तेहतीस कुटुंबे राहत. माणसे दीडशेच्या आसपास. १५२० मध्ये सर क्रिस्टोफर ट्रिकी हा पाद्री तिथे रुजू झाला. विद्यापीठाची पदवी नसलेल्या पाद्र्यालाही त्या काळी आदराने ‘सर’ म्हणत. १५७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चौपन्न वर्षे, तो त्याच गावात राहिला. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि पहिली एलिझाबेथ अशा चार राजवटी त्याने आणि त्याच्या गावाने पाहिल्या. प्रत्येक राजवटीबरोबर देवाची उपासना करण्याची अधिकृत रीत बदलली. या सगळ्या काळात वॉर्डनांचे हिशेब ट्रिकीच आपल्या हाताने लिहीत होता.

हे हिशेब म्हणजे कोरड्या आकड्यांच्या रांगा नव्हेत. ते गावाला मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी लिहिलेले आहेत, त्यामुळे त्यात बोलण्याची लय आहे. कोणी किती दिले, कोणाकडून येणे राहिले, कोणाकडची मेंढी मेली, कोणती वस्तू कोणाच्या भेटीतून आली, हे पाद्री नावानिशी सांगतो. देणाऱ्याचे कौतुक करतो, चुकाराला टोचतो, आणि वादात सापडलेल्या गावाची समजूत घालतो. पुढे या हिशेबाची पाने सुटी झाली, उलटसुलट क्रमाने बांधली गेली. १९०४ मध्ये ती छापली गेली, तरी फार थोड्या अभ्यासकांनी तिकडे पाहिले. केंब्रिजचे इतिहासकार इमन डफी यांनी मूळ पानांवर काम करून २००१ मध्ये ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा हे गाव जगाला माहीत झाले.

मोरबाथच्या चर्चमध्ये संत जॉर्ज, माता मेरी, संत सिडवेल अशा अनेकांच्या मूर्ती होत्या. सिडवेल ही एक्झेटरची संत कन्या. तिची भक्ती ट्रिकीने स्वतः गावात रुजवली. या मूर्तींपुढे दिवे जळत, आणि त्या दिव्यांसाठी वेगवेगळे निधी असत. त्यांना ‘स्टोअर’ म्हणत. निधीची मालमत्ता म्हणजे मेंढरे. अमक्या संताची एक मेंढी या शेतकऱ्याच्या कळपात, दुसरी त्या विधवेच्या गोठ्यात, अशी ती वाटून दिलेली. लोकर विकून येणारा पैसा निधीत जमा होई. गावातल्या तरुणांचा निधी वेगळा, अविवाहित मुलींचा वेगळा. त्या निधींचे वॉर्डनही त्या तरुणांतून आणि मुलींतूनच निवडले जात. शिवाय चर्चसाठी एल नावाची बिअर गाळून गावजेवणे होत, आणि त्यातून उभा राहणारा पैसा हा चर्चच्या उत्पन्नाचा मोठा भाग असे. वॉर्डनपद घराघरांतून फिरत राही. सधन शेतकऱ्याबरोबर झोपडीतल्या गरिबाची पाळी येई, विधवेचीही येई.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. तेहतीस घरांच्या वस्तीत दरवर्षी इतकी पदे असली, तर आयुष्यात कधी ना कधी सार्वजनिक पैसा हाताळण्याची आणि त्याचा जबाब देण्याची वेळ बहुतेक प्रत्येक घरावर येते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी गावासमोर उभी राहते आणि मुलींच्या निधीत किती जमले, मेणावर किती खर्च झाला, शिल्लक किती, हे तिच्या नावाने वाचले जाते. तिला मत नव्हते, जमीन नव्हती, अक्षरओळखही बहुधा नव्हती. तरीही गावाच्या कारभारात तिला एक जागा होती. ही जागा कोणत्याही राजाने किंवा संसदेने तिला दिलेली नव्हती. ती भक्तीच्या रिवाजातून आपोआप तयार झाली होती.

हे गाव स्वर्ग होते असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. १५३० च्या दशकात चर्चच्या कारकुनाचे वेतन कोणी किती द्यायचे यावरून मोरबाथमध्ये वर्षानुवर्षे भांडण चालले. काहींनी देण्यास साफ नकार दिला, आणि मध्यस्थी, बैठका, तोडगे अशा फेऱ्यांतून प्रकरण मिटले. १५३४ मध्ये चोराने शिडी लावून चर्चमध्ये शिरून चांदीचा चषक आणि सिडवेलच्या मूर्तीचा चांदीचा बूट पळवला. तेव्हा नव्या चषकासाठी पैसा उभा केला तो तरुण-तरुणींनी. भांडण आणि सहकार्य दोन्ही एकाच वहीत आहेत. गावात मतैक्य होते म्हणून ही व्यवस्था चालली असे दिसत नाही. मतभेद असूनही सर्वांना एकाच वहीसमोर यावे लागत होते म्हणून ती चालली.

या वहीवर पहिला घाव १५३८ च्या राजाज्ञांनी बसला. हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकुमाने मूर्तींपुढचे दिवे बंद झाले. दिवा बंद झाला की त्यासाठीच्या निधीचे प्रयोजन संपले, आणि निधी संपला की त्याचा वॉर्डनही गेला. १५४७ मध्ये बालराजा सहावा एडवर्ड गादीवर आला आणि त्याच्या कारभाऱ्यांनी उरलेसुरले मोडून काढले. त्याच वर्षाची एक नोंद वाचताना मन थांबते. मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या वेळी घालायची काळी वस्त्रे आपल्या चर्चला असावीत, म्हणून ट्रिकी वीस वर्षांहून अधिक काळ थोडे थोडे पैसे साठवत होता. १५४७ मध्ये ती वस्त्रे अखेर आली, आणि त्याच सुमारास मृतांसाठीच्या त्या विधींच्या मुळावरच राजाने कुऱ्हाड घातली. पुढच्या वर्षभरात सगळ्या मूर्ती हटवण्याचा हुकूम आला. मेंढरे विकली गेली, भांडीकुंडी विकली गेली, तरुणांचा आणि मुलींचा निधी संपला, गावजेवणे थांबली. राजाच्या अधिकाऱ्यांपुढे हजर राहण्यासाठी वॉर्डनांना वारंवार प्रवास करावा लागे, तो खर्च मात्र वाढत गेला. उत्पन्नाची सगळी साधने गेलेली आणि खर्च वाढलेला, अशा स्थितीत चर्च कर्जात बुडाले.

१५४९ च्या जून महिन्यात इंग्रजी भाषेतले नवे प्रार्थनापुस्तक देशभर सक्तीचे झाले. डेव्हनमधल्याच सॅम्पफर्ड कोर्टने या गावातून बंड पेटले आणि कॉर्नवॉलचे बंडखोर त्याला येऊन मिळाले. मेंढ्यांवर बसवलेल्या नव्या कराचा रागही त्यात मिसळलेला होता. बंडखोरांनी एक्झेटर शहराला पाच आठवडे वेढा घातला. मोरबाथसारख्या आज्ञाधारक, प्रत्येक हुकूम पाळणाऱ्या गावाचा या बंडाशी काही संबंध असेल, असे कोणाला वाटले नव्हते. डफी यांनी हिशेबाची ती जागा पुन्हा वाचली तेव्हा उलगडले की, गावाने आपले पाच तरुण हत्यारे आणि वाटखर्च देऊन एक्झेटरबाहेरच्या बंडखोरांच्या छावणीत पाठवले होते, आणि त्याचा खर्चही रीतसर हिशेबात मांडला होता. राजाच्या सैन्यात जर्मन आणि इटालियन भाडोत्री सैनिक होते. ऑगस्टमध्ये बंड चिरडले गेले, हजारो माणसे मारली गेली. मोरबाथहून गेलेल्या तरुणांपैकी काहींचे नाव त्यानंतर गावाच्या कागदांत पुन्हा येत नाही.

ही नोंद इतिहासाच्या एका मोठ्या गृहीतकाला हादरा देते. हुकूम पाळला गेला, म्हणजे तो लोकांना पटला, असे आपण सहज धरून चालतो. मोरबाथने दिवे विझवले, मूर्ती काढल्या, मेंढरे विकली. राजधानीच्या दफ्तरात त्याची नोंद ‘पालन’ अशीच होणार. पण त्याच गावाने संधी येताच आपली मुले बंडात धाडली. १५५३ मध्ये कॅथलिक मेरी राणी झाली, तेव्हा लोकांनी घरांत दडवून ठेवलेल्या चर्चच्या वस्तू परत आणून दिल्या, आणि ट्रिकीने त्याबद्दल वहीत मनापासून समाधान नोंदवले. एडवर्डच्या काळात चर्चची सतत पडझड झाली आणि आता कुठे त्याला उभारी आली, असा त्याचा सूर आहे. अवघ्या पाच वर्षांत मेरी वारली, एलिझाबेथ आली, आणि सगळे पुन्हा उलटे फिरले. या वेळी म्हातारा पाद्री गावाला घेऊन नव्या रीतीत गेला. त्याच चर्चमध्ये, त्याच माणसांसाठी, तो इंग्रजी प्रार्थना म्हणू लागला. त्याला कोणी संधिसाधू म्हणेल. मला ते पटत नाही. हुतात्मा होण्याचा मार्ग त्याच्यापुढे मोकळा होता. पण त्याच्यामागे गाव उरले असते, आणि त्या गावाला पाद्री हवा होता. त्याने आपली निष्ठा एखाद्या सिद्धांतापेक्षा तेहतीस घरांना वाहिली. तीही निष्ठाच आहे, आणि तिची किंमत त्याने आपल्या हातांनी उभारलेले सगळे आपल्याच हातांनी उतरवून मोजली.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील, आणि तो रास्त आहे. प्रार्थना लोकांच्या भाषेत आणणे हे पुण्यकर्म नव्हे काय? ज्ञानेश्वरांनी संस्कृतात कोंडलेले ज्ञान मराठीत आणले, एकनाथ-तुकारामांनी तो वारसा चालवला. आपला जीव साहजिकच सुधारकांच्या बाजूने ओढतो. इंग्रजी बायबलने त्या देशात साक्षरता वाढवली आणि सामान्य माणसाला धर्मग्रंथ थेट हाती दिला, हेही नाकारता येत नाही. इंग्लंडमधली धर्मसुधारणा लोकांतूनच वाढत होती, असे ए. जी. डिकन्स यांच्यासारख्या मोठ्या इतिहासकाराने १९६४ मध्ये मांडले, आणि काही शहरांपुरते ते खरेही आहे. पण रीतीतला फरक विसरता येणार नाही. आपल्याकडे लोकभाषा धर्मात आली ती संतांच्या मुखातून आणि वारीच्या वाटेने. कीर्तनाला न येणाऱ्याला दंड नव्हता. इंग्लंडमध्ये ती कायद्याने, दंडाच्या धाकाने आणि शेवटी तोफांनी आली. कॉर्नवॉलच्या बंडखोरांनी तर आमच्यापैकी काहींना इंग्रजी येतच नाही, अशीही तक्रार केली होती. त्यांची भाषा कॉर्निश. लोकभाषेच्या नावाने आलेला कायदा काही लोकांच्या भाषेलाच ओळखत नव्हता.

म्हणून सुधारणेचे तत्त्व योग्य होते की नाही, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. तत्त्व योग्य असूनही ती सुधारणा लोकांच्या हातातला कारभार काढून घेत असेल, तर त्या नुकसानीची नोंद वेगळी व्हायला हवी. मोरबाथच्या वहीत ती झालेली आहे. सुधारणेनंतर चर्चचा कारभार थोड्या हातांत गेला. मुलींचा निधी गेला तेव्हा फक्त मेणबत्ती विझली नाही. गावासमोर हिशेब देणारी मुलगी नाहीशी झाली. तिच्या जागी दुसरे काहीही आले नाही. सुधारकांना मूर्तिपूजा दिसत होती, तिच्या आधाराने उभी राहिलेली जबाबदारी दिसत नव्हती.

डफी यांच्यावर आक्षेप घेतले गेले की, ते स्वतः कॅथलिक असल्याने जुन्या गावाकडे ओढीने पाहतात. आक्षेपात तथ्य आहे तेवढे मान्य करावे. वही एका पाद्र्याने लिहिली. गावाचा आवाज आपल्याला त्याच्याच तोंडून ऐकू येतो. ज्याच्याकडे मेंढी नव्हती, ज्याने देणगी दिली नाही, जो भांडून गप्प बसला, त्याच्या मनातले या पानांत उमटत नाही. पण ट्रिकी लिहीत होता ते ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनाच ऐकवण्यासाठी. खोटे लिहिले असते तर बाकावरून कोणीतरी उठून बोलले असते. एकांतात लिहिलेल्या रोजनिशीला नसतो असा पहारा या वहीला होता.

मोरबाथनंतरच्या काळात पॅरिशचे रूप झपाट्याने बदलले. १६०१ च्या गरीब कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठी घरांवर आणि जमिनीवर कर बसवायचा, तो वाटायला अधिकारी नेमायचे, अशी रचना झाली. हे युरोपातले एक मोठे पाऊल होते. भुकेल्याला अन्न देणे ही दयेची बाब न राहता कायद्याची बाब झाली. पण १६६२ च्या वसतीच्या कायद्याने त्याची दुसरी बाजू उघड केली. बाहेरून आलेला माणूस आपल्या करावर भार होईल अशी शंका आली, तर चाळीस दिवसांच्या आत त्याला त्याच्या मूळ पॅरिशकडे हाकलण्याची मुभा गावाला मिळाली. बाळंत होऊ घातलेल्या अविवाहित बायकांना मूल आपल्या हद्दीत जन्मू नये म्हणून सीमेपार ढकलल्याच्या कहाण्या अनेक पॅरिशांच्या कागदांत आहेत. पूर्वी पॅरिशला आपल्या पैशाचे काय करायचे हे ठरवता येत होते. आता राज्याने ठरवलेले काम पॅरिशच्या पैशातून होऊ लागले. बोजा गावाचा आणि हुकूम सरकारचा, अशी ती वाटणी होती, आणि अशा वाटणीत गाव नेहमीच निष्ठुर होत जाते.

शेवटचा मोठा घाव जमिनीवर पडला. १७५० ते १८५० या शंभर वर्षांत संसदेने ४,००० हून अधिक कायदे करून गावोगावची सामाईक शेते आणि कुरणे कुंपणांत घातली. शेती सुधारली, उत्पन्न वाढले, हे खरे. पण ज्या मजुराची एकुलती गाय सामाईक कुरणावर चरत होती, त्याला नुसत्या मजुरीवर जगणे भाग पडले, आणि तो गरीब कायद्याच्या दारात उभा राहिला. नॉटिंगहॅमशरमधले लॅक्सटन हे गाव यातून वाचले. तिथे आजही तीन मोठी खुली शेते आहेत. दरवर्षी गावातले ज्युरी शेतावर फिरून कोणी हद्द ओलांडली का ते पाहतात, आणि गावाचे जुने न्यायमंडळ दंड ठोठावते. १६३५ मध्ये मार्क पियर्सने काढलेला त्या गावाचा नकाशा पट्ट्यापट्ट्यासह शिल्लक आहे. लॅक्सटनचा मुख्य उपयोग माझ्या मते असा: गावकऱ्यांना सामाईक मालमत्ता सांभाळता येत नाही, म्हणून ती मोडणे अटळ होते, हे म्हणणे शतकानुशतके चालत आलेल्या त्या शेतांसमोर टिकत नाही.

लहान गावाचा इतिहास गावातल्याच माणसाने लिहिला तर काय घडते, याचे सर्वोत्तम उदाहरण श्रॉपशरमधल्या मिडल या पॅरिशचे आहे. रिचर्ड गॉफ हा तिथला जमीनदार शेतकरी. १७०० च्या सुमारास, वयाची पासष्टी गाठताना, त्याने आपल्या गावाचा इतिहास लिहायला घेतला. राजांच्या क्रमाने न जाता तो चर्चमधल्या बाकांच्या क्रमाने गेला. हे बाक कोणत्या घराचे, त्या घरात कोण जन्मले, कोण व्यसनात बुडाले, कोणी कोणाशी लग्न केले, जमीन कशी हातची गेली, असे सांगत सांगत त्याने सबंध गाव उभे केले. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाविषयी त्याने लिहिलेला मजकूर मला मोठमोठ्या ग्रंथांहून अधिक सांगतो: मिडल आणि शेजारच्या दोन वाड्यांतून वीस पुरुष लढायला गेले, त्यांतले तेरा मारले गेले. कोण कुठे पडला, कोणाचा बाप काय करायचा, हे तो नावानिशी देतो. मोरबाथच्या पाच तरुणांच्या आणि मिडलच्या या तेरा पुरुषांच्या नोंदी वाचल्यावर ‘देशाने युद्ध केले’ हे वाक्य पूर्वीसारखे सहज लिहिता येत नाही.

ज्या १५३८ च्या आज्ञेने मोरबाथचे दिवे विझवले, त्याच आज्ञेने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. विसाव्या शतकात केंब्रिजच्या अभ्यासकांनी अशा ४०४ पॅरिशांच्या नोंदवह्यांतून इंग्लंडच्या लोकसंख्येचा शतकांचा इतिहास उभा केला. रिग्ली आणि स्कोफिल्ड यांचा तो ग्रंथ १९८१ मध्ये आला. लोकांची लग्ने कोणत्या वयात होत, दुष्काळात किती माणसे मरत, मुले किती जगत, हे सगळे खेड्यातल्या पाद्र्यांनी आणि कारकुनांनी केलेल्या एकेका ओळीतून कळले. नोंद ठेवणारे आपण इतिहास लिहीत आहोत असे समजत नव्हते. त्यांनी आपले नेमून दिलेले काम चुकवले नाही, एवढेच.

या कथेचा आपल्याशीही एक खरा संबंध आहे. १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर अहवाल लिहिला. दख्खनचे गाव हे आपल्यापुरते एक लहान राज्यच आहे, वरचे सगळे सरकार नाहीसे झाले तरी ते आपल्या माणसांचे रक्षण करू शकेल, अशा आशयाचे कौतुक त्याने केले. त्याच वेळी खुद्द इंग्लंडमध्ये सामाईक शेते कुंपणांत जात होती. पुढे त्याच ब्रिटिश राज्याने दख्खनेत रयतवारी आणली, वसुली थेट शेतकऱ्याकडून होऊ लागली, आणि पाटील-कुलकर्णी सरकारचे नोकर बनत गेले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून ही मोडतोड नोंदवली, आणि गावाचे दोषही झाकले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाच्या या गौरवगानाला सडेतोड उत्तर दिले: संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर असलेल्या गावाला आदर्श कसे म्हणायचे? हा प्रश्न कोणत्याही देशातल्या ग्रामप्रेमीने टाळू नये. गरोदर बाईला हद्दीबाहेर ढकलणाऱ्या इंग्रजी पॅरिशलाही तो तितकाच लागू पडतो.

मग मोरबाथपासून काय घ्यायचे? गाव म्हणून गावाची पूजा नक्कीच नाही. घ्यायच्या त्या तीन गोष्टी, ज्यांच्यामुळे ते गाव काही काळ न्याय्य होते: पद घराघरांत फिरत होते, ते गरिबाला आणि बाईलाही मिळत होते, आणि हिशेब सर्वांसमोर मोठ्याने वाचला जात होता. यांतली एक जरी तुटली तरी लहान समाज दांडग्यांचा होतो. या तिन्ही टिकल्या तर अक्षरशत्रू मेंढपाळसुद्धा नागरिकासारखा वागू शकतो. आज आपल्या पंचायतीत स्त्रियांना आणि मागासवर्गीयांना राखीव जागा आहेत, ग्रामसभेची तरतूद आहे. म्हणजे पहिल्या दोन गोष्टी कायद्याने दिल्या आहेत. तिसरी मात्र कायदा देऊन होत नाही, ती गावाने मागावी लागते.

अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातली जुनी कोतवाल बुके आणि शाळांची जनरल रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली, आणि मोडी वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. कागदाची किंमत आपल्याला दाखल्याची गरज पडल्यावर कळली. त्यापलीकडेही त्या कागदांत गावाचे जगणे आहे. ते वाळवीच्या आणि पावसाच्या तोंडी देऊ नये. ज्यांना मोडी येते त्यांनी गावातल्या दोन तरुणांना शिकवावी. देवस्थानाचा, यात्रेचा, सोसायटीचा, पंचायतीचा जुना जमाखर्च कुठे आहे ते विचारावे, त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. आणि येत्या ग्रामसभेत यंदाचा हिशेब नुसता मंजूर करू नये. तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायला लावावा.